अण्णांच्या शेजारची जागा

“वश्या, ही जागा तुझीच,” मिठारी काका म्हणाले आणि त्यांनी बशीतला चहा एका घोटात संपवला.

“छ्या. जागा तुझी,” आबा म्हणाले. “तुझा आवाज बघ की. या गोलपासनं त्या गोलपर्यंत जातो. हेड कोचला आवाज लागतो.”

“आवाज भाजीवाल्याला पण असतो. डोकं लागतं. डोकं तुझं.”

“उगं कायतरी बोलू नको. गेल्या साली विद्यापीठाच्या स्पर्धेत तुझे फॉरवर्ड खेळले म्हणून आपण तरलो.”

“आणि तुझे बॅक नसते तर?”

आई स्टोव्हपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “अवो, ताटातलं शेवटचं भजं असल्यासारखं काय करताय? कुणीतरी एकानं घ्या की.”

दोघेही हसले. मी हसले नाही. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला ती जागा हवी होती. म्हणजे आबांना मिळायला हवी होती. पण त्या वयात या दोन गोष्टींत मला फरक वाटत नव्हता.

माझे वडील वसंत सासने एका कारखान्यात लेथवर काम करायचे. पाळी संपली की त्यांची सायकल घरी न येता जुन्या कॉलेजच्या मैदानावर जायची. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड पेठेपेठेत असतं, पण जुन्या कॉलेजच्या संघाची गोष्ट वेगळी होती. तो कोणत्याच पेठेचा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. त्या संघाचे हेड कोच अण्णा इंगवले. अण्णा मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्चीवर बसायचे. त्यांच्या डाव्या हाताला आबा उभे असत, उजव्या हाताला बळवंत मिठारी काका. दोघं असिस्टंट. आबांकडे बचाव, काकांकडे चढाई. अण्णा फारसे बोलत नसत. डावा हात उचलला की आबा टचलाइनवरून पळत, उजवा उचलला की काका.

सामना जिंकला की गुलाल काकांच्या डोक्यावर पडायचा. पोरं त्यांना खांद्यावर घ्यायची. आबा बाजूला उभे राहून खेळाडूंच्या चपला गोळा करत असत. झालेला गोल सगळ्यांना दिसतो. न झालेला गोल कुणाला दिसत नाही. हे मला फार लहानपणी कळलं होतं आणि ते मी मिठारी काकांना माफ केलं नव्हतं.

आता कागल रस्त्यावर नवं कॉलेज निघालं होतं. त्यांना फुटबॉलचा संघ उभा करायचा होता. कायमची नोकरी, मैदानाला लागून राहायला दोन खोल्या, आणि दारावर पाटी: मुख्य प्रशिक्षक. कॉलेजचे सेक्रेटरी बापूसाहेब माणूस मागायला अण्णांकडे आले होते. अण्णा म्हणाले, “दोघंही तयार आहेत. तुम्ही बघून घ्या.”

बापूसाहेब मूळचे कुस्तीवाले. त्यांना बघून घेण्याचा एकच प्रकार ठाऊक होता. “दोघांची जोड लावू,” ते म्हणाले. कॉलेजातली बावीस पोरं दोघांनी वाटून घ्यायची, आठवडाभर तयार करायची आणि रविवारी सामना. जिंकेल त्याची जागा.

पोरं निवडायच्या दिवशी मी आबांच्या सायकलवर मागे बसून गेले. मैदान म्हणजे नुकती काटेरी झुडपं काढलेला माळ होता. पोरं ओळीनं उभी होती. अण्णा एका दगडावर बसले होते.

“आधी तू निवड,” काका म्हणाले.

“न्हाई, तू.”

बापूसाहेबांनी नाणं उडवलं. आबांची पाळी आधी आली. ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि त्यांनी ज्याच्या खांद्यावर हात ठेवला त्या पोराचा चष्मा दोरीनं डोक्याला बांधलेला होता. तो पोरगा घाबरून म्हणाला, “सर, मला होस्टेलच्या पोरांनी ढकललंय. मी कॅरम खेळतो.”

“चालतंय,” आबा म्हणाले.

काकांनी आजऱ्याचा एक जाडा पोरगा घेतला. नुसतं मैदानाला एक चक्कर मारून तो आधीच खाली बसला होता.

“नजर बघा,” बापूसाहेब अण्णांना म्हणाले. “आपल्याला असलं काय दिसलं नसतं.”

अण्णांनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या टोकानं बराच वेळ पुसला.

परतताना मी विचारलं, “आबा, तो कॅरमवाला?”

“बॅक होईल तो. वेळ लागंल, पण होईल.”

“एका आठवड्यात?”

आबांनी चढ आला म्हणून मला खाली उतरायला सांगितलं.

तो आठवडाभर मी त्यांच्याबरोबर जात होते. पहिल्या दिवशी आबा पोरांमधून नुसते फिरले. दुसऱ्या दिवशी कॅरमवाल्याचा पाय चुकीचा पडला तेव्हा त्यांना राहवलं नाही. त्यांनी त्याचा खांदा धरून त्याला बाजूला वळवलं, म्हणाले, “चेंडूकडं बघू नको. त्याच्या कमरंकडं बघ. पाय फसवतो, कंबर फसवत न्हाई.” मग चपला काढून स्वतःच मैदानात उतरले. माळाच्या दुसऱ्या टोकाला काकांचा आवाज चढला होता. जाड्या पोराला ते म्हणत होते, “तुला पळायला कोण सांगतंय? तू हितं उभा ऱ्हा. चेंडू तुझ्याकडं येतोय बघ.” आणि खरंच, शनिवारपर्यंत चेंडू त्या जाड्याकडे यायला लागला होता. तो नुसता पाय लावायचा, पण नेमका लावायचा.

काकांना सगळंच जमत होतं.

रविवारी दुपारी बांधावर बायकांमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि काकांची रोहिणी. ती माझ्याच वर्गात होती. तिनं चिरमुरे आणले होते आणि ती माझ्यापुढे पुडी धरत होती. मैदानापलीकडे त्या दोन खोल्या दिसत होत्या.

“रस्त्याकडची खोली मी घेणार,” रोहिणी म्हणाली. “खिडकी मोठी आहे. टेबल बरोबर बसतंय.”

टेबल बरोबर बसतं हे मी तिच्याआधी ठरवलं होतं. मी म्हणाले, “अजून सामना व्हायचाय.”

“अगं, तसं न्हाई. तुझे आबा जिंकले तर तुम्ही या की. पण आमचे पप्पा जिंकणार.”

“कशावरून?”

“आई म्हणते.” तिनं चिरमुरे तोंडात टाकले. “तुझे आबा लई चांगले आहेत. असली माणसं पुढं जात न्हाईत, असं आई म्हणते.”

मी पुडीतले चिरमुरे घेणं थांबवलं.

सामना चांगला झाला, हे मला आज कबूल करता येतं. तेव्हा मला एकेक मिनिट छातीवर बसल्यासारखं वाटत होतं. कॅरमवाल्यानं काकांच्या फॉरवर्डांना तीनदा अडवलं. मध्यंतरात बापूसाहेब आबांच्या पाठीवर थाप मारून गेले. गोल कुणाचाच होत नव्हता. टचलाइनच्या या बाजूला आबा होते, समोरच्या बाजूला काका, आणि दोघंही अधूनमधून अण्णांकडे बघत होते, जणू ते अजून हात उचलणार आहेत.

शेवटाकडे आबांच्या संघातल्या एका काटक्या पोराला उजव्या विंगवर चेंडू मिळाला. काकांचा पाच नंबरचा बॅक हौसेनं पुढे गेला होता आणि त्याच्या मागची सगळी बाजू उघडी पडली होती. काटक्या पोरानं चेंडू पुढे ढकलला. समोर फक्त गोली होता. मी उभी राहिले. रस्त्याकडच्या खोलीची खिडकी मला स्पष्ट दिसली.

“पाच नंबर! माघारी! डावी धर!”

आवाज आबांचा होता. बांधावरून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण आवाजात चूक होणं शक्य नव्हतं. काकांच्या पाच नंबरला आवाज कुणाचा हे कळलं नाही, हुकूम कळला. तो वळला, जीव खाऊन डावीकडे धावला आणि त्यानं काटक्याच्या पायातून चेंडू काढला. चेंडू लांब टोलवला तो थेट त्या आजऱ्याच्या जाड्यापुढे पडला. कॅरमवाला कमरेकडे बघत मागे सरत होता, पण जाड्या पळतच नव्हता, तर कंबर काय सांगणार? जाड्यानं नुसता पाय लावला. गोल.

मग मैदानभर हसू पसरलं. कुणीतरी ओरडलं, “सासने मास्तर, कुणाकडनं हाय तुमी?”

बापूसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. “सवय हो, सवय,” ते सगळ्यांना सांगत होते. “जुन्या कॉलेजात सरावाला दोन्हीकडचे बॅक हेच सांभाळतात. जीभ ऐकते का? पण मास्तर, जोड ती जोड. मिठारी जिंकले.”

आबांनी मान हलवली. काकांनी समोरून येऊन त्यांचा हात धरला. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. अण्णा उठत होते. बापूसाहेबांनी आधाराला हात पुढे केला तसे अण्णा म्हणाले, “असू दे. मी अजून मेलो न्हाई.” ते बापूसाहेबांकडे बघतच नव्हते. आबांकडे आणि काकांकडे, दोघांकडे त्यांनी नीट बघितलं आणि चालू लागले.

रोहिणी मला मिठी मारून म्हणाली, “तू रोज आमच्याकडं अभ्यासाला ये.”

वाटेत मी आबांना विचारलं, “असं कसं केलंत तुम्ही?”

“निसटलं तोंडातनं.”

“तुमचीच जागा होती.”

“बळ्याचं चांगलं झालं,” ते म्हणाले. पुढे एका गाडीवर त्यांनी सायकल थांबवली आणि दोघांना कटवडा सांगितला. त्यांनी आणखी एक प्लेट मागवली. मला वाटलं, दुःख लपवतायत. मी माझ्या वड्याचे नुसते तुकडे करत बसले.

काका कागल रस्त्यावर राहायला गेले. दोन-तीन वर्षांतच नव्या कॉलेजचं नाव पेपरात यायला लागलं, आणि नावाच्या शेजारी काकांचा फोटो, गळ्यात शिट्टी. पुढं विद्यापीठाचा संघ त्यांच्याकडे गेला. त्यांना कुठं कुठं बोलवायला लागले, शाली पांघरायला लागले. आबा जुन्या कॉलेजच्या मैदानावर अण्णांच्या खुर्चीशेजारी उभे राहिले. आता अण्णांनी डावा हात उचलला तरी आबाच पळायचे आणि उजवा उचलला तरी आबाच. अण्णांचे गुडघे दुखायचे. “यंदाचं शेवटचं,” ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी जूनमध्ये खुर्ची पुसून बसायचे. माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले, मला मुलगा झाला, तो स्वतः फुटबॉल खेळायला लागला, आणि अण्णा खुर्चीवरच होते. शेवटी ते उठले तेव्हा कॉलेजनं पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असलेला एक तरुण माणूस आणला. आबा त्याच्याही शेजारी उभे राहिले. असिस्टंट म्हणूनच त्यांनी शेवटी शिट्टी खाली ठेवली.

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून काकांबद्दल वावगा शब्द मी ऐकला नाही. फोनवर मी विचारायची, “काकांचा सत्कार झाला म्हणे?” ते म्हणायचे, “झाला की. चांगला झाला.” आमच्या घरातलं जळायचं काम माझ्याकडे होतं. ते मी मनापासून केलं. पुण्यात सकाळी पेपर उघडताना मी आधी क्रीडा पान बघायची, काकांचा संघ हरला का ते.

गेल्या महिन्यात आबा गेले. पेपरात चार ओळी आल्या. त्यातली पहिली अशी होती: ‘ज्येष्ठ प्रशिक्षक बळवंत मिठारी यांचे एकेकाळचे सहकारी.’ मरणातसुद्धा त्यांना दुसऱ्याच्या नावाला धरून उभं राहावं लागलं होतं.

दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. हातात काठी होती. आत येऊन ते आबांच्या फोटोसमोर खुर्चीवर बसले आणि रडले. आई त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. मी चहा ठेवला.

“माझ्या आयुष्याचं त्यानं भलं केलं,” काका म्हणाले. “त्या दिवशी तो ओरडला नसता तर मी कोण होतो?”

माझा तोल गेला असं नाही. मी शांतपणेच विचारलं, “काका, तुम्हाला ती जागा घेताना काहीच वाटलं नाही? त्यांची चूक झाली होती. तुम्ही नको म्हणू शकला असता.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “चूक?”

“सवयीनं ओरडले ते.”

“शैला, तू बांधावर होतीस. तुला त्याची पाठ दिसली. मी समोर होतो.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “सवयीनं हाक मारली की माणूस चेंडूकडं बघतो, पोराकडं बघतो. तुझा बाप पाच नंबरला ओरडला आणि बघत होता माझ्याकडं.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“त्याला नवं कॉलेज नको होतं. त्याला अण्णांची खुर्ची पायजे होती. मी तिकडं गेलो की हितं तो एकटा. अण्णा आज ना उद्या उठणार, मग खुर्ची कुणाची? वश्याची. सरळ हिशेब होता.”

“मग त्यांनी आधीच नको म्हणायचं होतं.”

“कसं म्हणणार? अण्णा समोर बसलेले. नवी जागा नको म्हणायचं म्हणजे तुमच्या खुर्चीवर डोळा आहे असं त्यांच्या तोंडावर सांगायचं. हरणं तेवढं हातात होतं.” काकांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. “कॅरमवाला पोरगा उगं घेतला व्हय त्यानं? पण तुझ्या बापाला वाईट शिकवता यायचं न्हाई. तिथं गाडं अडलं. पोरं सुधारली.”

“तुम्हाला हे तेव्हाच कळलं?”

“कळलं म्हणजे?” काका म्हणाले. “मी तेच करणार होतो. माझा जाड्या आठवतो का? तो पोरगा मी काय जिंकायला घेतला होता? तुझ्या बापाचा विंगवाला सुटला तेव्हा मी देवाचे आभार मानले. म्हटलं, झालं, वश्या चालला कागल रस्त्याला. पाच नंबर मीच पुढं पाठवला होता. आणि तेवढ्यात तुझा बाप ओरडला. माझ्यापेक्षा एक क्षण हुशार निघाला.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल थांबली आणि पुढे गेली. आई हललीसुद्धा नाही. तिला यात नवीन काही नव्हतं असं मला वाटलं.

“मी कप आणले,” काका म्हणाले. “लई आणले. पण जुन्या कॉलेजबरोबर मॅच असली की मी समोरच्या बाजूला उभा, आणि तो अण्णांच्या शेजारी. मला कप दिसायचा न्हाई. मला ती जागा दिसायची. अण्णांनी हात उचलला की माझा पाय अजून पुढं पडायचा, शैला. आणि पळायचा तुझा बाप. आतनं नुसती आग व्हायची.” मग ते आईकडे वळले. “वहिनी, एक विचारू? वश्या माझ्याबद्दल कधी काय बोलायचा?”

“बोलायचे न्हाईत,” आई म्हणाली. “तुमचा फोटो आला की पेपर उलटा घालून त्यावर बूट ठेवायचे.”

“खरं सांगताय?”

“तुम्ही तो मोठा कप आणला न्हाई का, मिरवणूक निघाली होती? तेव्हा दोन दिवस जेवले न्हाईत. पोट बिघडलंय म्हणाले. पोटाला काय झालं नव्हतं.”

“दोन दिवस?”

“दोन. आणि तुम्ही हरला की शिरा करायला लावायचे. बेदाणे घालून.”

तो शिरा मी खाल्ला होता. पुण्याहून आले की कधी कधी अचानक व्हायचा. लेक आली म्हणून आबांनी सांगितला असेल, असं मी प्रत्येक वेळी धरून चालले होते.

काकांनी रुमालानं डोळे पुसले. त्यांचा चेहरा इतका वेळ ओढलेला होता तो सैल झाला, आणि त्यावर मला जे दिसलं त्याला समाधानच म्हणावं लागेल. ते खुर्चीत पुढे सरकले.

“शिरा,” ते म्हणाले. “बेदाणे घालून. मला वाटायचं मी एकटाच जळतोय. अजून सांगा, वहिनी.”

“अजून काय सांगू? रोहिणीच्या लग्नात तुमच्या मांडवाची लांबी पावलांनी मोजून आले होते.”

काका हसले. आबा गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं. आईही हसली, पदर तोंडाला लावून, आणि पुढचं सांगायला लागली. मी दोघांकडे बघत राहिले. माझ्या वाट्याला आलेल्या बापाला कधी कुणाचा हेवा वाटला नव्हता. हा दुसरा माणूस, उलट्या पेपरावर बूट ठेवणारा, या दोघांचा होता. त्यांनी तो एवढी वर्षं आपापल्याकडे ठेवला होता, आणि आता माझ्यासमोर बसून एकमेकांना दाखवत होते.

मी कप उचलले आणि आत गेले. मोरीपाशी कप विसळायला घेतले, पण पाण्याच्या आवाजात बाहेरचं बोलणं ऐकू येईना. मी नळ बंद केला आणि तिथंच उभी राहिले.